घरची मांजर आणि नवे पिल्लू : वाचकांचे प्रश्न

घरात आधीपासून मांजर असताना दुसरे पिल्लू आणल्यावर उद्भवलेल्या अडचणींची बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतील चार येथे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या तिन्ही प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : आमची मनी नऊ वर्षांची आहे. तिची नसबंदी झालेली असून स्वभाव शांत आहे. मागच्या आठवड्यात आम्ही दहा आठवड्यांचे बोक्याचे पिल्लू आणले आणि दोघांची ओळख व्हावी म्हणून त्याच संध्याकाळी त्याला तिच्यासमोर ठेवले. ती फिस्कारली, तिने पंजा उगारला आणि तेव्हापासून ती कपाटावर जाऊन बसली आहे. रात्री सगळे झोपल्यावर खाली उतरून थोडेसे खाते. माझ्या मांडीवर येणेही तिने सोडले आहे. पिल्लू मात्र सारखे तिच्या मागे असते. आमचे काय चुकले? पिल्लू परत देऊन टाकावे का?

उत्तर : परत देण्याचा विचार आत्ताच करू नका. तुमच्याकडून जी चूक झाली ती बहुतेक घरांत होते आणि बहुतेक वेळा ती सुधारताही येते. आपण माणसे दोन अनोळखी व्यक्तींची ओळख करून देताना त्यांना समोरासमोर आणतो, नावे सांगतो आणि बोलणे सुरू होण्याची वाट पाहतो. मांजरांच्या ओळखीचा क्रम याच्या अगदी उलटा असतो. आधी वास, मग आवाज, मग दुरून दर्शन आणि सर्वांत शेवटी सहवास. तुम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात केलीत, एवढेच.

पाळीव मांजरांचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर एकट्याने शिकार करते आणि आपापला टापू राखून राहते. पाळीव मांजरे एकत्र राहू शकतात, परंतु अशा गटांत बहुधा एकमेकींच्या नात्यातल्या माद्या आणि त्यांची पिल्ले असतात, आणि आपले कोण व परके कोण हे ती मुख्यतः अंगाच्या वासावरून ठरवतात. मनी तुमच्या पायांना, दाराच्या कडेला, खुर्चीच्या पायाला गाल घासते ते केवळ लाडाने नव्हे. गालांवरच्या आणि हनुवटीखालच्या ग्रंथींमधला वास ती तेथे लावत असते. नऊ वर्षांत तिने तुमच्या घराचा कानाकोपरा असा आपल्या नावाने करून घेतला आहे. त्या घराच्या मध्यभागी एका संध्याकाळी संपूर्ण परक्या वासाचा एक जीव अचानक अवतरला आणि तो तिच्या अंगावर धावून येऊ लागला, तेव्हा ती कपाटावर गेली यात नवल नाही. फिस्कारण्याला आपण दुष्टपणा समजतो. वास्तविक ती भांडण टाळण्यासाठी दिलेली सूचना असते. म्हणून त्यासाठी तिला रागावू नका. रागावल्याने एवढेच होते की पिल्लू जवळ आले की आपल्याला ओरडा बसतो, हा धडा ती शिकते.

आता सगळे पहिल्यापासून सुरू करा. पिल्लाला दार नीट बंद होणारी एक स्वतंत्र खोली द्या आणि तेथेच त्याचे खाणे, पाणी, लिटरचा म्हणजे शौचासाठीच्या वाळूचा ट्रे, झोपण्याची जागा आणि लपायला एखादे पुठ्ठ्याचे खोके ठेवा. कोंडायचे ते पिल्लाला, मनीला नाही. याबाबत काही घरांत उलट केले जाते, कारण लहान जिवाला कोंडणे निष्ठुरपणाचे वाटते. परंतु लहान पिल्लाला एकदम सगळे घर मिळाले तर ते भांबावतेच, आणि मनीला कोंडले तर तिच्या दृष्टीने तिचे घर दुसऱ्याला देऊन टाकल्यासारखे होते. या सगळ्या खटाटोपात एकच सूत्र सांभाळायचे आहे : नव्या पिल्लामुळे मनीचे काहीही कमी होता कामा नये. तिची जागा, तिच्या खाण्याची वेळ, तुमच्या मांडीवरचा तिचा वाटा, यांतले काहीच नाही.

ही खोली किमान दहा ते चौदा दिवस वेगळी ठेवावी, आणि त्यामागे प्रकृतीचेही कारण आहे. पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा विषाणुजन्य आजार पिल्लांच्या जिवावर बेतणारा असतो. त्याची लक्षणे संसर्गानंतर काही दिवसांनी दिसतात आणि त्याचा विषाणू घरातल्या वस्तूंवर वर्षभरही टिकू शकतो. या आजाराविरुद्धची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू किमान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, पुन्हा द्यावी लागते. म्हणजे तुमच्या पिल्लाचे लसीकरण अजून अर्ध्यावरच असणार. पशुवैद्यांकडून त्याची तपासणी करून घ्या, ल्युकेमियाच्या विषाणूसाठी रक्तचाचणीबद्दल विचारा, आणि जंत, पिसवा, कानातले किडे व गजकर्ण यांचीही पाहणी करून घ्या. यांपैकी गजकर्ण तर माणसांनाही होते. दोघे आठवडाभर एकत्र वावरले असल्यामुळे मनीच्या लसी वेळेवर झाल्या आहेत की नाही हेही पाहा. एक गोष्ट आवर्जून सांगतो : पिसवांसाठी कुत्र्यांचे औषध मांजरांना कधीही लावू नका. त्यांपैकी अनेकांत असणारे परमेथ्रिन मांजरांसाठी विषारी आहे.

मनीला कपाटावरून उचलून खाली आणू नका. सुरुवातीचे एक-दोन दिवस तिचे खाणे तेथेच वर ठेवा, पण ती खाते आहे की नाही यावर बारीक लक्ष असू द्या. मोठ्या मांजराने दिवसभराहून अधिक काळ अन्नाला तोंड लावले नाही तर वाट पाहू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून गंभीर आजार होऊ शकतो, आणि अंगाने भरलेल्या मांजरांना त्याचा धोका अधिक असतो. पिल्लू खोलीत गेल्यावर घर पुन्हा आपले झाले हे तिला कळायला दोन-चार दिवस लागतील. ती आपणहून खाली उतरून पूर्वीच्या जागी झोपू लागली की पुढची पायरी घ्या, त्याआधी नाही.

ही पुढची पायरी वासाची. एक मऊ फडके पिल्लाच्या गालांवरून आणि हनुवटीखालून हलके फिरवा आणि ते मनीच्या वावरण्याच्या वाटेवर ठेवा. तिच्या अंथरुणावर किंवा ताटलीखाली नको, कारण नको असेल तर दूर जाण्याची मोकळीक तिला हवी. मनीच्या गालांवरून फिरवलेले फडके तसेच पिल्लाच्या खोलीत ठेवा. तिने हुंगले आणि ती निघून गेली, तर याहून चांगले उत्तर नाही. ती फिस्कारली तर फडके आणखी दूर सरकवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. चार-पाच दिवसांनी पिल्लाला थोडा वेळ दुसरीकडे ठेवून मनीला त्याच्या खोलीत फिरू द्या, आणि त्या वेळात पिल्लाला उरलेले घर पाहू द्या.

यानंतर बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना एकाच वेळी खायला द्यायचे असते. येथे घाई करणारे फार असतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पहिल्या दिवशी मनीची ताटली दारापासून इतकी लांब ठेवा की ती मान वर न करता निवांत खाईल. ते अंतर चार हात असेल किंवा पलीकडच्या खोलीएवढे असेल. ते मनी ठरवणार, तुम्ही नाही. ती शांतपणे खात राहिली तर दुसऱ्या दिवशी ताटली वीतभर पुढे सरकवा. एखाद्या दिवशी ती अर्धवट खाऊन दाराकडे टक लावून बसली, तर तुम्ही एक वीत जास्त पुढे आलात असे समजून मागे जा. दाराशी दोघेही बेफिकीर खाऊ लागली की मधे जाळी लावा किंवा दार बोटभर उघडे ठेवून अडकवा, आणि जाळीवर कापड टाकून ते रोज थोडे वर करत न्या. नावडत्या प्राण्याच्या वासाबरोबर रोज आवडते खाणे मिळत गेले, की त्या वासाविषयीचा संशय ओसरू लागतो. सगळी युक्ती एवढीच आहे. पण ती रोज, न कंटाळता आणि पंधरा दिवस करावी लागते, म्हणून ती बऱ्याच घरांत फसते.

समोरासमोरची पहिली भेट पिल्लू खेळून दमलेले आणि पोट भरलेले असताना घडवा. घरात दोन माणसे असावीत : एकाने दोरीला बांधलेल्या पिसाने पिल्लाला गुंतवावे आणि दुसऱ्याने मनीजवळ बसावे. मनीला चढायला उंच जागा आणि निघून जायला उघडे दार दोन्ही हवे. पिल्लू तिच्याकडे झेपावू लागले तर पिसाने त्याचे लक्ष वळवा. पाच-दहा मिनिटे पुरेत. सगळे छान चालले आहे असे वाटत असतानाच भेट संपवा, कारण भांडण होईपर्यंत थांबलात तर दोघांच्याही लक्षात राहील ते भांडणच.

फिस्कारणे, थोडे गुरगुरणे, नख्या न काढता मारलेली एखादी चापट, हे चालायचेच. लहानग्याला मर्यादा शिकवण्याची ती रीत आहे. मात्र कान सपाट पाडून टक लावणे, दबा धरून मागे लागणे, नख्यांनी केस उडणे किंवा एकाचे खाणे बंद होणे ही लक्षणे दिसली तर पुन्हा बंद दाराच्या पायरीवर जा. दोघे प्रत्यक्ष जुंपलीच तर मधे हात घालू नका. एखादा पुठ्ठा किंवा उशी दोघांच्या मधे सरकवा, आणि त्यानंतर काही तास दोघांना वेगळे ठेवून त्यांना हात लावणेही टाळा, कारण खवळलेले मांजर समोर जो येईल त्याच्यावर राग काढते.

मनी नऊ वर्षांची आहे हे विसरू नका. या वयात अनेक मांजरांचे सांधे दुखू लागलेले असतात आणि ती ते दाखवत नाहीत; अशा दुखऱ्या कमरेवर पिल्लाने उडी मारली तर शांत मांजरही चवताळते. ती कपाटावर चढते आहे म्हणजे फार दुखत नसावे, तरीही तिची एकदा तपासणी करून घ्यावी. या सगळ्याला काही आठवडे लागतील, कदाचित काही महिने. माझ्या स्वतःच्या घरात जुन्या बोक्याला आणि नव्या पिल्लाला एका खोलीत निर्धास्त सोडता यायला चार महिने लागले, आणि ती दोघे शेवटपर्यंत कधी एकमेकांना टेकून झोपली नाहीत. एक खिडकीत, दुसरे पलंगाखाली. मला ते अपयश वाटले नाही.

प्रश्न : आमच्याकडे पिल्लू येऊन दोन महिने झाले. भांडणे अजिबात नाहीत. आमचा सहा वर्षांचा बोका बहुतेक वेळ बाल्कनीच्या दारात शांत बसून असतो. पण पिल्लू अलीकडे अंथरुणावर लघवी करू लागले आहे. ट्रे बाल्कनीतच आहे आणि दोघांनी तो वापरावा अशी अपेक्षा आहे. पिल्लाला शिस्त कशी लावावी?

उत्तर : शिस्तीचा प्रश्न मला येथे दिसत नाही. तुम्ही ज्याला शांत बसणे म्हणता, त्याला बोका बहुधा पहारा म्हणत असेल. मांजरांची अनेक भांडणे आवाजाशिवाय चालतात : एक जण वाटेत बसतो, दुसऱ्याकडे नुसते पाहतो आणि दुसरा माघारी फिरतो. तुमच्या घरात ट्रेकडे जायला एकच दार आहे आणि त्या दारात बोका आहे. पिल्लाने मग मऊ आणि सुरक्षित अशी दुसरी जागा शोधली.

मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, हा हिशेब बहुतेक पशुवैद्य सांगतात. म्हणजे तुम्हाला तीन लागतील. ते तिन्ही शेजारीशेजारी ठेवले तर मात्र उपयोग नाही, कारण एकाच जागी असलेले तीन ट्रे मांजरांच्या लेखी एकच असतात. घराच्या वेगवेगळ्या भागांत, दोन बाजूंनी जाता-येता येईल अशा ठिकाणी ते ठेवा. खाण्याच्या ताटल्याही एकमेकींच्या नजरेआड असू द्या. अंथरुणावरचा वास एन्झाइमयुक्त द्रवाने काढा. वास राहिला तर ती जागा पुन्हा वापरली जाते. पिल्लाला ओरडू नका आणि त्याचे नाक लघवीत घालण्याचा जुना प्रकार तर मुळीच करू नका. एवढे करूनही प्रकार थांबला नाही, तर लघवीची तपासणी करून घ्या. आणि बोक्याच्या बाबतीत एक सावधगिरी : बोका ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी थेंबथेंब होत असेल किंवा अजिबात होत नसेल, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

प्रश्न : आमच्या मोठ्या मांजरीची आणि पिल्लाची चांगली गट्टी जमली होती. एकमेकींना चाटायच्या, एका टोपलीत झोपायच्या. पिल्लू पाच महिन्यांचे झाल्यावर तिची नसबंदी करून आणली, तर मोठी तिच्यावर अशी फिस्कारते आहे जणू ती कोणी परकीच. हे कायमचे बिघडले का?

उत्तर : बहुधा नाही. मोठीच्या दृष्टीने ती खरोखरच परकी आहे, कारण तिच्या अंगाला आता घरचा वास राहिलेला नाही. औषधांचा, जंतुनाशकाचा आणि दवाखान्यातल्या इतर प्राण्यांचा वास आहे. डोळ्यांना जी ओळखीची दिसते, तिला नाक ओळखत नाही, आणि मांजरे अशा वेळी नाकावर विश्वास ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर पिल्लाला तसाही आराम हवा असतो, तेव्हा तिला दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. तिची जुनी टोपली आणि फडकी न धुता तिला द्या, म्हणजे चाटता-चाटता तिच्या अंगाला घरचा वास परत येईल. मग वर सांगितलेली दारामागच्या खाण्याची पायरी घ्या. या वेळी ती काही आठवडे नव्हे, तर बहुधा काही दिवसच चालेल. पुढच्या वेळी दवाखान्यात नेताना घरातले वापरलेले अंथरूण पेटीत घाला. शक्य असेल तर साध्या तपासणीसाठी दोघींना एकाच दिवशी न्या, म्हणजे दोघी एकाच वासाच्या परत येतील.

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मांजरीला मूत्रपिंडाचा विकार आहे आणि तिचे खाणे वेगळे आहे. तिच्याबरोबर वाढलेला बोका दोन महिन्यांपूर्वी गेला. तेव्हापासून ती रात्री घरभर फिरून मोठ्याने ओरडते. तिला सोबत म्हणून एक पिल्लू आणावे, असे सगळे सुचवतात. आपले मत काय?

उत्तर : माझे मत, आत्ता आणू नये. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी ते तुमच्या मांजरीचे दुःख आपल्या मापाने मोजत आहेत. तिच्या आयुष्यातून एक विशिष्ट बोका गेला आहे, ज्याचा वास आणि सवयी तिला चौदा वर्षांच्या ओळखीच्या होत्या. ती जागा तीन महिन्यांच्या चपळ आणि चावऱ्या पिल्लाने भरून निघत नाही. उलट, ज्या वयात तिला निवांतपणा हवा त्या वयात तिच्या शेपटीवर दिवसभर झडप घातली जाईल.

त्याआधी रात्रीच्या ओरडण्याचे कारण शोधा. म्हाताऱ्या मांजरांत असे ओरडणे एकटेपणाखेरीज इतर कारणांनीही होते : थायरॉइड ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करू लागणे, ऐकू येईनासे होणे, वयोमानाने येणारा गोंधळलेपणा आणि उच्च रक्तदाब. यांतला रक्तदाब मूत्रपिंडाच्या विकाराबरोबर बरेचदा वाढलेला असतो आणि त्याने मांजराची दृष्टीही एकाएकी जाऊ शकते. रक्तदाब मोजून आणि रक्ताची तपासणी करून घेतल्याशिवाय हे ओरडणे शोकाचे आहे असे ठरवू नका.

पिल्लू आणण्यात खाण्याचीही अडचण आहे. मूत्रपिंडाच्या विकारासाठीच्या आहारात फॉस्फरस मुद्दाम कमी केलेले असते आणि प्रथिनांचे प्रमाणही मर्यादित असते, तर वाढत्या पिल्लाला प्रथिने आणि उष्मांक भरपूर लागतात. एकाचे खाणे दुसऱ्याला अपायकारक. प्रत्येक वेळी दोन खोल्यांत दोन ताटल्या ठेवून, खाणे संपेपर्यंत दारे बंद ठेवून आणि उरलेले लगेच उचलून हे सांभाळता येते, पण हे दिवसातून चार वेळा, रोज करण्याची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा.

काही महिन्यांनी ती सावरली, तपासण्या ठीक निघाल्या आणि तुम्हाला स्वतःलाच घरात दुसरे मांजर हवे असले, तर पाच-सहा वर्षांचे, इतर मांजरांबरोबर राहिलेले, शांत स्वभावाचे मांजर पाहा. पिल्लूच हवे असेल तर एकाऐवजी एकाच वेताची दोन आणा. हे ऐकायला उफराटे वाटेल, परंतु दोन पिल्ले आपली मस्ती एकमेकांवर काढतात आणि म्हातारीच्या वाट्याला कमी येते.

तोपर्यंत तिच्यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. जेवणाच्या आणि जवळ घेऊन बसण्याच्या वेळा ठरलेल्या ठेवा. झोपण्यापूर्वी तिच्याशी दहा मिनिटे हळूवार खेळा आणि मग रात्रीचे शेवटचे खाणे द्या. ट्रेची एक बाजू बुटकी करून घ्या, म्हणजे आत जाताना पाय उचलावे लागणार नाहीत, आणि तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रात्री मंद दिवा ठेवा. बोका ज्या चादरीवर झोपत असे ती अजून घरात असेल, तर इतक्यात धुऊ नका.